खड्डे न खणण्याचे पैसे

मी ज्या संस्थेत आहे ती स्वतः झाडं लावत नाही की बांध घालत नाही. आम्ही पैसे देतो. एखाद्या गावानं आपला ओढा, तळं, गायरान नीट करायचं ठरवलं की प्रस्ताव आमच्याकडे येतो. आम्ही जाऊन पाहतो आणि पटलं तर हप्त्याहप्त्यानं निधी सोडतो. निधी बराचसा कंपन्यांचा. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे दिवाळी सरली की पुण्या-मुंबईचे फोन सुरू होतात. मार्चअखेर दाखवता येईल असं काही आहे का? झाडं आहेत का?

झाडं नेहमीच असतात. झाड मोजता येतं, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो, त्याला पाटी लावता येते.

तसाच एक प्रस्ताव उत्तर सोलापूर तालुक्यातून आला. बार्शी रोडनं नान्नज ओलांडून आत गेलं की लागणारं गाव. नाव लिहीत नाही, कारण त्यावरची भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत. चाळीस एकर गायरान, दहा हजार रोपं, दीड फुटी खड्डे, तारेचं कुंपण, तीन वर्षं टँकर. एक कंपनी पैसे द्यायला तयार होती, तिच्या पुण्याच्या साहेबांनी फ्लेक्सही छापून आणला होता. मला फक्त जागा बघून, विशेष ग्रामसभेला बसून शेरा द्यायचा होता.

नान्नजचा हा पट्टा वरवर बघणाऱ्याला ओसाडच वाटतो. मुरमाड माळ, हातभर माती, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बराचसा सप्टेंबरात. पण इथंच १९७९ मध्ये माळढोकाचं अभयारण्य झालं. कागदावर ते आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर होतं, नंतर कमी करून १,२२२वर आणलं. मधल्या काळात जमिनीचे व्यवहार अडले म्हणून लोक त्या पक्ष्यावर इतके चिडले की अजून काही गावांत त्याचं नाव काढायची सोय नाही. ज्याचं खरेदीखत अडलंय त्याला पक्ष्याचं कौतुक सांगायला जाऊ नये, हे मी इथं पहिल्याच वर्षी शिकले. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि त्याला लांबवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो. झाडी वाढली की तो जातो. आता तो दिसला तर पेपरात बातमी होते. काळवीट, खोकड आणि लांडगा मात्र अजून आहेत, आणि ते गवतावर आहेत, झाडांवर नाहीत.

ऑक्टोबर संपत आला होता. ग्रामसभेआधी गायरान बघू म्हणून सरपंच, ग्रामसेवक, कंपनीचे साहेब आणि मी निघालो. सरपंच तरुण, कृषी पदविका झालेला, मनापासून बोलणारा. "मॅडम, मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो. गावात एस. टी.ची वाट बघायला सावली नाही. लोकांनी झाडं मागितली तर चूक काय?" काहीच चूक नव्हतं. ही त्याची बाजू मी मुद्दाम लिहितेय, कारण अशा गोष्टीत सरपंचाला उगीच खलनायक करायची पद्धत आहे.

गायरानाच्या वरच्या अंगाला पंधरा-वीस शेळ्या आणि दोन बायका होत्या. त्यातली थोरली सत्तरीची. सरपंच तिला आज्जी म्हणत होता म्हणून मीही आज्जीच म्हटलं. साहेबांनी तिला फ्लेक्स उलगडून दाखवला. तिनं चित्र बघितलं, मला विचारलं, "हितं खड्डं खणणार?"

"तसा प्रस्ताव आहे."

"आन् तार मारणार?"

"हो."

"मग बाई, खड्डं न्हाई खणायचं ह्याचं पैसं देतंय का कोण? आमी तेवढ्यातबी भागवू."

साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण ते अगदी खरं होतं. आमच्या अर्जात खड्ड्याला रकाना आहे, रोपाला आहे, टँकरला आहे, जेसीबीच्या तासाला आहे. जमीन आहे तशी राहू द्यायला रकाना नाही.

पण आज्जीचंही सगळं बरोबर होतं असं नाही. ती म्हणत होती, माळाला काही झालेलं नाही, फक्त आमच्या शेळ्यांना हुसकू नका. आणि माळाला झालं होतंच. पायाखाली बहुतेक कुसळीच होती, तीही चार बोटं. कुसळी फुलावर आली की जनावर तोंड लावत नाही, तिची कुसं मेंढरांच्या लोकरीत अडकतात, कातड्यात शिरतात. चांगलं गवत चरून चरून संपतं आणि हे मागं उरतं. मी तसं म्हटल्यावर ती तावातावानं म्हणाली, "पाऊस कुटं पडतोय पहिल्यावानी!"

माळाच्या कडेला पाणीपुरवठ्याची जुनी टाकी आहे. भोवती जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप. मी सगळ्यांना तिकडं घेऊन गेले. जाळीच्या आत पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं कमरेइतकी उभी होती, बी धरलेली, आणि जाळीच्या बाहेर चपलेचा ठसा दिसेल इतकी उघडी जमीन. तोच मुरूम, तोच पाऊस. आत फक्त जनावर गेलं नव्हतं. आज्जीनं जाळीतून हात घालून एक लोंबी ओढली, चोळली, बी तळहातावर घेतलं. म्हणाली, "हे आमच्या सासऱ्याच्या वेळंला समद्या माळावर हुतं." मग शेळ्यांकडं बघून गप्प बसली. सरपंचही गप्प. साहेबांनी विचारलं, "पण हे तर गवत आहे ना?"

या गवताचं गणित सोपं आहे, पण पाळायला अवघड. पावसाळ्यात ते वाढतं, दिवाळीच्या सुमारास बी टाकतं. बी पडेपर्यंत चरू दिलं नाही तर पुढच्या वर्षी दाट येतं. कोवळं असतानाच दरवर्षी खुडलं तर मुळात साठा उरत नाही आणि ठोंब मरतो. दाट गवताच्या मुळ्या मुरूम धरून ठेवतात, पाणी जिरवतात. यात एक दमडीचा खड्डा लागत नाही. लागतं ते एवढंच, की चार-पाच महिने कुणी आत शिरू नये.

आणि हे कुणाला परवडतं? ज्याच्याकडे ऊस आहे त्याला वाढं मिळतं, ज्याच्याकडे ज्वारी आहे त्याला कडबा. चराईबंदीला सगळ्यात आधी हात वर करतात ते हेच लोक. ज्या बाईकडे जमिनीचा तुकडा नाही, चार शेळ्या आहेत, तिच्या वाट्याला बंदी येते. राज्यातल्या आदर्श गावांच्या गोष्टी सांगताना चराईबंदीचा अभिमानानं उल्लेख होतो, त्या वर्षी शेळ्या कुणी विकल्या याचा सहसा होत नाही. मला हा प्रश्न माळढोकापेक्षा मोठा वाटतो.

दुपारी सरपंचाच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवताना मी टँकरचा हिशेब मांडला. दहा हजार रोपांना आठवड्याला प्रत्येकी दहा लिटर धरले तरी लाख लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या दहा खेपा. सरपंचाची आई वाढता वाढता थांबली. "एप्रिलात आमाला प्यायला टँकर येत न्हाई आन् झाडाला आठवड्याला धा?" सरपंचानं मान खाली घालून भाकरी मोडली. तिथंच अर्धी ग्रामसभा झाली.

उरलेली अर्धी मारुतीच्या देवळापुढं झाली आणि दिवे लागेपर्यंत चालली. महिला ग्रामसभा आदल्या दिवशी झाल्याची नोंद होती. बायकांनी मोठ्यानं सांगितलं की आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं, मग ती तिथंच पुन्हा घ्यायला लावली. ज्यांचा जेसीबी आहे ते गृहस्थ खड्ड्यांच्या बाजूनं फार कळकळीनं बोलले. एका मेंढपाळानं विचारलं, बाहेरगावच्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारे तळ, येतात त्यांना कोण अडवणार? त्यांची मेंढरं खतासाठी शेतात बसवायला तर तुम्हीच बोलावता. त्यावर हशा आणि मग खरोखरीची बाचाबाची. वेड्या बाभळीचा, म्हणजे बाहेरून आलेल्या काटेरी झुडपाचा, विषय निघाला. ती माळावर पसरत चाललीय, काढायला हवी असं माझं मत. बायका म्हणाल्या, मग चुलीला काय घालू? ते काढणं टप्प्यानं, आणि लाकूड त्यांनाच, असं ठरलं.

शेवटी ठराव झाला तो असा : गायरानाचे तीन भाग. दरवर्षी एक भाग जूनपासून दिवाळीपर्यंत बंद, दोन खुले. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना बंदच्या महिन्यांत संस्थेच्या निधीतून कडबा. टाकीजवळचं बी बायका गोळा करणार, त्याची मजुरी. सावलीसाठी कडुलिंब, देशी बाभूळ, बोर मिळून पाचशे झाडं, पण ओढ्याच्या कडेनं, एस. टी. थांब्यावर आणि शाळेत, जिथं पाणी घालणारं माणूस आहे. माळावर एकही नाही.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी देवळामागं जाऊन पुण्याला आमच्या मुख्य कार्यालयात फोन लावला.

"फोटोत काय दिसणार?"

"गवत."

"मार्चमध्ये?"

"वाळलेलं."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, प्रस्ताव बदलून पाठव, कडब्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते बघतो. कंपनीनं पुढं निम्मी रक्कम कमी केली. पाचशे झाडांसाठी तिला फ्लेक्स नव्यानं छापावा लागला आणि त्यावर तिनं गवताचा उल्लेख केला नाही. कडबा आमच्याकडे 'रोपवन देखभाल' या नावाखाली मंजूर झाला. लेखापरीक्षकानं विचारलं तर मीच जाऊन समजावणार आहे, तयारी आहे माझी.

त्या रात्री उठता उठता एक मुद्दा राहिला होता. राखणदार कोण? पगार थोडा, पण बाराही महिने. सरपंच म्हणाला, आज्जीच्या नातवाला घेऊ, घर गरजू आहे, पोरगं माळावरच असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही नाव लिहायला वही उघडली.

आज्जी मागून ओरडली, "त्येला नगा नेमू!"

"का गं?"

"पयल्या दिवशी त्येच्याच शेळ्या आत घालंल. मला म्हाईत हाय की." मग जरा थांबून, "मला नेमा. माझ्याफुडं न्हाई कोण घालत."

सत्तरीच्या बाईला राखणदार म्हणून नेमता येतं का, हे ग्रामसेवकाला नक्की सांगता येईना. शेवटी बचत गटातल्या दोन बायकांची नावं लिहिली. आज्जीचं नाव देखरेख समितीत पहिलं घातलं, बिनपगारी. त्यावर तिनं विचारलं, बिनपगारी का?