त्र्यंबक रोड ते देवळाली कॅम्प : पोलिसांच्या मागावर

पावसाची उघडीप होती, म्हणून स्कूटर काढली. नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरून त्र्यंबक रोडला लागलं की गोल्फ क्लबचं मैदान लागतं. त्याला नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं. याच रस्त्याला पुढे महाराष्ट्र पोलीस अकादमी. कान्हेरेंनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी पोलिसांची शाळा, म्हणजे आजची ही अकादमी, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याहून नाशिकला आली. निव्वळ योगायोग, पण या रस्त्याने जाताना तो आठवतोच.

एमपीएससीतून फौजदार झालेल्या पोराबद्दल गावाकडे 'नाशिकला ट्रेनिंगला गेलाय' एवढंच सांगितलं तरी पुरतं. फाटकाच्या आत आपल्याला कोण सोडणार! बाहेरूनच झाडं आणि भिंत पाहून घेतली.

ही शाळा निघाली त्याला कारण होतं. व्हाइसरॉय कर्झनने १९०२ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगाने पोलीस खात्याची सालटीच काढली. शिक्षण अपुरं, देखरेख ढिली आणि लोकांच्या नजरेत खातं भ्रष्ट, जुलमी, असं सरकारी अहवालातच छापून आलं. उपायांत प्रांतोप्रांती प्रशिक्षण शाळा होत्या. भांबुर्ड्याची शाळा १९०६ ची.

पण आपल्याच शिपायावरचा अविश्वास सरकारने त्याआधीच कायद्यात लिहून ठेवला होता. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ : पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. मारून कबुली काढतात, हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं. परेड शिकवून ही खोड जाणार होती का, मला शंकाच आहे.

तिथून देवळाली कॅम्प. लॅम रोडची झाडी छान आहे, चहाही बरा मिळतो. गोऱ्या फौजांची ही जुनी छावणी.

छावण्यांतली नीती वेगळीच होती. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसाय बंद केला नाही. बायकांची नोंदणी केली, त्यांच्यावर वैद्यकीय तपासणीची सक्ती केली. सोजिराला, म्हणजे गोऱ्या शिपायाला, मात्र ती सक्ती नाही. इंग्लंडात ओरड झाल्यावर १८८८ मध्ये १८६८ चा कायदा रद्द झाला.

दारूचीही तीच तऱ्हा. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळणं आणि विकणं परवान्याखाली आणलं, महसूल तिजोरीत. विनापरवाना हातभट्टी लावणारा मात्र गुन्हेगार. व्यसनाला सरकारचा विरोध नव्हता, हिशेबाबाहेरच्या व्यसनाला होता, असं माझं मत झालंय.

चहाच्या टपरीवर पेपर पडला होता. आतल्या पानावर जुगार अड्ड्यावर छापा, पत्ते आणि रोकड जप्त, जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा. हा कायदा मूळचा १८८७ चा, मुंबई इलाख्यातला. पुरावा कायद्यातलं कबुलीचं कलम २५ सुद्धा गेलेलं नाही. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ होऊन बसलंय.