पुरवठादाराचे सॉफ्टवेअर न टाकता इंटरनेट जोडणी मिळवताना : माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागेतील ज्या इमारतीत माझे कार्यालय आहे, तेथे फायबरची जोडणी देणारा पुरवठादार एकच आहे. मोठ्या कंपन्यांच्या तारा समोरच्या रस्त्यापर्यंत आल्या आहेत, परंतु इमारतीच्या डक्टमधून वर येण्याबाबत त्यांचे सोसायटीशी अद्याप जमलेले नाही. मी सनदी लेखापाल आहे, आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे, जीएसटीचे भरणे, लेखापरीक्षण अहवाल हे सगळे आता पोर्टलवरूनच करावे लागत असल्यामुळे नेट बंद म्हणजे कार्यालय बंद, अशी स्थिती असते. त्यामुळे आमचे सॉफ्टवेअर संगणकात टाकल्याखेरीज जोडणी सुरू होणार नाही, असे पुरवठादाराने सांगितले, तेव्हा दुसरीकडे जाण्याचा मार्ग माझ्यापुरता बंदच होता. जे काही मिळवायचे ते त्याच्याकडूनच मिळवणे भाग होते.

जोडणीसाठी आलेल्या मुलाने बाहेरच्या पॅसेजमध्ये बसून तार सोलली, स्प्लायसिंग केले, मीटर लावून ‘मायनस एकोणीस, एकदम ओके’ असे स्वतःशीच म्हटले आणि भिंतीवरच्या डब्यातील लाल दिवा जाऊन हिरवा दिवा लागला. काम संपले असे मला वाटत असतानाच त्याने खिशातून ते सॉफ्टवेअर असलेला पेनड्राइव्ह काढला. “मॅडम, लॅपटॉप द्या, डायलर टाकतो, पाच मिनिटांत चालू.” राउटरमध्येच युजरनेम आणि पासवर्ड टाकून जोडणी होत नाही का, असे मी विचारले, तर तो मोकळेपणाने म्हणाला, “होतंय की! पण घरगुती प्लॅनला हापिसातनं देत नाहीत. सगळे टाकूनच घेतात, तुम्हीच पहिल्या विचारताय.” हे ‘होतंय की’ मी तारीख-वेळेसह लिहून ठेवले. पुढच्या पत्रव्यवहारात त्याचा मला जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही कायद्याचा झाला नाही.

लॅपटॉप देण्यास मी नकार दिला, त्यामागे केवळ नापसंती नव्हती. सनदी लेखापाल कायदा, १९४९ याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, व्यवसायाच्या निमित्ताने मिळालेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने आवश्यक नसताना इतर कोणाला उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. माझ्या लॅपटॉपवर शेकडो लोकांचे पॅन, बँक खात्यांचे उतारे, भागीदारीपत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीची साधने असतात. अशा यंत्रावर प्रशासकीय अधिकार मागणारे, कोणी लिहिले आणि काय करते हे ज्याच्या माहितीपत्रकात एका ओळीनेही सांगितलेले नाही असे सॉफ्टवेअर चालवणे मला शक्यच नव्हते. मुलगा बिचारा ‘मग मी काय सांगू हापिसात?’ म्हणून निघून गेला. विवरणपत्रांचा हंगाम असल्याने मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू ठेवले.

ते सॉफ्टवेअर प्रत्यक्षात काय करते हे पाहिल्याशिवाय तक्रार करणे मला बरोबर वाटेना. अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याला बोलावले, एक जुना संगणक पूर्ण पुसून त्यावर नव्याने विंडोज टाकले, आणि सॉफ्टवेअर टाकण्यापूर्वीची व नंतरची स्थिती समोरासमोर ठेवून तपासली. संगणकाचे नाव, विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) ही माहिती ते ठरावीक अंतराने पुरवठादाराच्या सर्व्हरला कळवत होते, आणि तीही कोणत्याही कूटलेखनाशिवाय, म्हणजे वाटेतील कोणालाही वाचता येईल अशी. सॉफ्टवेअर बंद केले की थोड्या वेळाने जोडणीही तुटत असे.

याहून गंभीर गोष्ट दुसरीकडे सापडली. विंडोजमध्ये ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ नावाचा जो कप्पा असतो, त्यात पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाचे एक नवे मूळ (रूट) प्रमाणपत्र येऊन बसले होते. बँकेचे संकेतस्थळ उघडल्यावर ब्राउझर ते खरे मानतो, तो या कप्प्यातील प्रमाणपत्रांच्या भरवशावर. तेथे ज्याचे प्रमाणपत्र आहे आणि ज्याच्या ताब्यातून तुमची इंटरनेटवरील माहितीची वाहतूकही जाते, तो मनात आणल्यास बँकेच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार करून मध्येच सगळे उलगडून वाचू शकतो, आणि ब्राउझर एका शब्दानेही सावध करत नाही. आम्ही बँकेची, प्राप्तिकर विभागाची आणि ईमेलची पाने उघडून पाहिली, तेव्हा त्यांची प्रमाणपत्रे नेहमीच्याच संस्थांनी दिलेली होती. म्हणजे या सोयीचा तसा वापर चालू असल्याचे आम्हाला आढळले नाही, हे मी माझ्या तक्रारीतही स्पष्ट लिहिले. प्रश्न तशी सोय ठेवण्याचाच होता.

हा धोका कल्पनेतला नाही. २०१९ च्या जुलैमध्ये कझाकस्तानातील इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांना सरकारी प्रमाणपत्र आपल्या उपकरणांत टाकण्यास सांगितले होते, आणि त्याच्या आधारे काही संकेतस्थळांची वाहतूक उलगडली जात असल्याचे दिसून आल्यावर गूगल, मोझिला आणि अॅपल यांनी ऑगस्टमध्ये आपल्या ब्राउझरमध्ये ते प्रमाणपत्र अवैध ठरवले. आपल्याकडचे उदाहरण त्याहून जुने आहे. २०१२ साली, इंटरनेटवर ओळख लपवण्याचे साधन बनवणाऱ्या टॉर प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी दाखवून दिले की, सायबरोम या भारतीय कंपनीच्या वाहतूक तपासणाऱ्या उपकरणांमध्ये एकच प्रमाणपत्र आणि त्याची एकच गुप्त किल्ली वापरलेली आहे. म्हणजे एका उपकरणातून किल्ली काढणाऱ्याला, ते प्रमाणपत्र ज्यांनी आपल्या संगणकात टाकून घेतले आहे अशा दुसऱ्याच ठिकाणच्या लोकांची वाहतूकही वाचता येणार होती. तेव्हा आपल्या पुरवठादाराचा हेतू स्वच्छ आहे असे मानले, तरी ती किल्ली त्याच्या कार्यालयातील कोणत्या संगणकात, कोणाच्या हाताशी पडलेली आहे, हा प्रश्न उरतोच.

भाच्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि खरे तर तीच निर्णायक ठरली. सॉफ्टवेअर चालू असताना विंडोजच्या जोडण्यांच्या यादीत ‘वॅन मिनीपोर्ट, पीपीपीओई’ अशी नोंद येत होती. तो म्हणाला, “आत्या, हे स्वतः काहीच करत नाही गं. विंडोजच्याच पीपीपीओईला पुढे करून नंबर लावतंय.” पीपीपीओई ही पुरवठादाराशी जोडणी लावण्याची पद्धत १९९९ साली प्रसिद्ध झालेली, सर्वांना खुली असलेली आहे. विंडोज एक्सपीपासून ती विंडोजमध्येच असते, लिनक्समध्ये असते, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या राउटरमध्येही असते. नाव आणि पासवर्ड द्यायचा, पुरवठादाराच्या सर्व्हरने तो तपासायचा आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) द्यायचा, एवढाच व्यवहार. म्हणजे ज्याच्याशिवाय जोडणी होणारच नाही असे मला सांगितले जात होते, त्याचा जोडणीशी संबंध केवळ वरच्या वेष्टनापुरता होता.

एवढे हातात आल्यावर मी पुरवठादाराला ईमेलने पत्र लिहिले. हे सॉफ्टवेअर कोणकोणती माहिती घेते, ती कोठे आणि किती काळ ठेवली जाते, मूळ प्रमाणपत्र कशासाठी टाकले जाते, आणि ग्राहकाच्या यंत्रावर सॉफ्टवेअर सक्तीचे करणारे परवान्यातील कलम कोणते, हे प्रश्न विचारले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा पुट्टस्वामी खटल्यातील २०१७ चा निकाल मी मुद्दामच त्यात आणला नाही. ग्राहक सेवेच्या टेबलावर नऊ न्यायाधीशांच्या निकालापेक्षा ‘कलम क्रमांक कळवावा’ हे वाक्य जास्त जड पडते, असा माझा इतर कार्यालयांचाही अनुभव आहे.

पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले : “सरकारी नियमांनुसार सर्व ग्राहकांना आवश्यक आहे.” नियम आहेत हे खरेच आहे. ग्राहकाची ओळख पटवल्याशिवाय जोडणी देता येत नाही, आणि कोणत्या ग्राहकाला कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता दिला होता याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्या जपण्याची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात बदल करून एका वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. लहान पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, तेव्हा त्यांना पत्त्याबरोबर पोर्टची, म्हणजे त्या पत्त्यावरील जोडण्या वेगळ्या ओळखणाऱ्या क्रमांकाची, नोंदही ठेवावी लागते. परंतु या सर्व नोंदी पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे पुरवठादाराच्या स्वतःच्या खोलीत, आपोआप तयार होतात. माझ्या लॅपटॉपवर काहीही नसले तरी त्यांत एका ओळीचाही फरक पडत नाही. मी हेच उत्तरात लिहिले, आणि तंत्रज्ञाने राउटरवरून जोडणी होते असे सांगितल्याची तारीख व वेळही त्याखाली नोंदवली.

त्यानंतर फोन आला. बोलणारे गृहस्थ सौजन्याने बोलले, हे नमूद केले पाहिजे. प्रमाणपत्राचे कारण त्यांनी सांगितले, ते ऐकून मी चकित झाले. प्लॅनची मुदत संपली की ग्राहक कोणतेही पान उघडो, त्याला ‘रिचार्ज करा’ हे पान दिसावे, आणि ते दिसताना ब्राउझरने धोक्याची सूचना देऊ नये, एवढ्यासाठी ते टाकले जाते. मुदत संपल्याचे कळवण्यासाठी एसएमएस पुरेसा असताना बँकेचे नाव धारण करू शकेल असे प्रमाणपत्र माणसांच्या संगणकांत पेरायचे, याला मी बेफिकिरी म्हणेन. कट म्हणणार नाही. मात्र बेफिकिरी करणाऱ्याच्या हातात गुप्त किल्ली असणे मला कटापेक्षा फारसे कमी भीतिदायक वाटत नाही.

“तुमच्यापुरतं बघतो मॅडम” या आश्वासनावर मी थांबले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) द्यावा लागतो, आणि समाधान न झाल्यास तीस दिवसांत त्याच पुरवठादाराच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते, त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत लागावा लागतो. फोनवरील बोलण्याला डॉकेट क्रमांक नसतो, म्हणून मी तक्रार रीतसर नोंदवून घेतली आणि अपिलाचा मसुदाही माहितीसाठी सोबत जोडला. अपील करण्याची वेळ मात्र आली नाही. माझ्या खात्याचे पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड ईमेलने आले, सोबत व्हीलॅनचा, म्हणजे पुरवठादाराच्या जाळ्यातील विभागाचा, क्रमांक होता, आणि राउटरचा मॅक पत्ता कळवावा, तो खात्याला बांधला जाईल, अशी एक अट होती. ती अट मला मान्य होती, कारण बाजारातून मी विकत घेतलेल्या राउटरचा पत्ता माझ्या अशिलांविषयी काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आला, राउटरच्या पानावर नाव आणि पासवर्ड टाकला, आणि खरोखरच पाच मिनिटांत जोडणी सुरू झाली.

सॉफ्टवेअर टाळले म्हणजे पुरवठादाराला आता काहीच दिसत नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. मी कोणत्या पत्त्याशी, केव्हा आणि किती वाहतूक केली हे त्याला दिसतेच. संकेतस्थळांची नावेही बहुतेक वेळा दिसतात, कारण संकेतस्थळाशी होणारी वाहतूक कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या २०१८ च्या आवृत्तीतही जोडणीच्या आरंभी पाठवले जाणारे संकेतस्थळाचे नाव उघडेच राहते. डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याची, विचारणा कूटबद्ध करण्याची सोय मी राउटरमध्ये सुरू केली, परंतु तेवढ्याने नावे पूर्णपणे झाकली जात नाहीत. पानांवरील मजकूर, फायली आणि माझ्या यंत्रावरील अधिकार मात्र माझ्याकडे राहिले, आणि अशिलांना उत्तर द्यावे लागते ते त्याच भागाबद्दल.

ज्यांनी असे सॉफ्टवेअर आधीच टाकले आहे, त्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. चाचणीच्या संगणकावरून आम्ही ते रीतसर काढून टाकले, संगणक पुन्हा सुरू केला आणि प्रमाणपत्रांचा कप्पा उघडला, तर पुरवठादाराचे मूळ प्रमाणपत्र जागच्या जागीच होते. ते हाताने निवडून वेगळे काढावे लागले. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो, तेव्हा तो वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंगमध्येही पाहावे. आमच्याच मजल्यावरील दोन कार्यालयांत मी हे करून दिले, आणि माझ्या पत्राचा नमुनाही दिला. त्यांपैकी एका डॉक्टरांना राउटरवर जोडणी मिळाली आहे. दुसऱ्यांचा प्लॅन मार्चपर्यंत असल्याने नूतनीकरणाच्या वेळी मागू, असे ते म्हणतात.

चाचणीच्या वेळी सर्व्हरकडे गेलेली माहिती पुसून टाकावी, या माझ्या विनंतीला पुरवठादाराचे उत्तर आलेले नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असला, तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमती, सूचना व माहिती पुसून घेण्याचा हक्क यांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ती विनंती मी तेव्हा त्या कायद्याच्या आधारे पुन्हा पाठवणार आहे. तोवर पहिल्या पत्राची पोच आणि डॉकेट क्रमांक फाइलला लावून ठेवला आहे.