तिसरं कोकरू

पहिलं कोकरू मी पोचायच्या आतच झालं होतं. दुसऱ्यासाठी हात घातला तर एकदम तीन पाय लागले. मेंढीचं डोकं धरून बसलेले आबा म्हणाले, "डाक्टर, आत अजून दोन हायती."

आतलं सगळं बोटांनीच बघायचं असतं. खुरावरचे दोन्ही सांधे एकाच बाजूला वाकले तर पाय पुढचा, वरचा उलटा वाकला तर मागचा. पुढचे दोन पाय सापडले तरी खांद्यापर्यंत हात नेऊन ते एकाच कोकराचे आहेत ना, हे बघावंच लागतं. घाईघाईत दोघांचा एकेक पाय ओढून मेंढी फाडलेली मी पाहिली आहे. तिसरं निघालं 1.1 किलोचं. चोखायचीही ताकद नव्हती, नळीने चीक पाजला.

आमची दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच देते. सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतलं फेक-बी जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीत आणलं. फेक-बी म्हणजे बीएमपीआर1बी या जनुकाचंच एक अक्षर बदललेलं रूप, हे 2001 मध्ये सापडलं. त्यामुळे अंडाशयातली फॉलिकल्स, म्हणजे बीजं वाढवणाऱ्या पिशव्या, लहान असतानाच पिकतात आणि एका माजाला जास्त बीजं सुटतात. आईकडून एक, बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती असतात. फेक-बीची एक प्रत असली तर बऱ्याचदा जुळी. दोन असल्या तर तिळी, कधी त्याहून जास्त. आणि सड दोनच.

जनुकाचा मेंढा घ्यायला आबांना मीच लावलं होतं. त्याच्या पोरी माजावर येण्याआधी तो बदला, हे मात्र सांगायचं राहिलं. मेंढा देखणा, त्यांनी ठेवला. तोही एका प्रतीचा, त्याच्या निम्म्या पोरीही तशाच, म्हणजे त्याच्यापासून त्यांना झालेल्यांत चारात एक दोन प्रतींची निघणार. या मेंढीचं रक्त तपासलं, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर एकच पट्टी, 160 अक्षरांवर, म्हणजे दोन प्रती. साधी असती तर 190 वर दिसली असती, एका प्रतीची असती तर दोन्हीकडे.

या मेंढ्यांच्या योजनेच्या तक्त्यात 'किती जन्मली' हा रकाना आहे. 'किती जगली' हा नाही. याचा मला राग येतो.

तिसरं कोकरू आबांनी शेळीला लावलंय. वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, हलेल तेव्हा ते घोड्यावरून जाईल.

"हिला ठिवू का इकू?" त्यांनी विचारलं.

साध्या मेंढ्याला लावली तर हिच्या सगळ्या पोरी एकाच प्रतीच्या होतील, आपल्याला हव्या तशाच, हे मी समजावलं. आबा तिच्या कासेवरून हात फिरवत होते.

"अन् हिला सवताला?"

तिला पुढच्या वेतालाही तीनच होतील, असं मला वाटतं. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.