उजव्या पायाखालचा खडखडाट अखेर सापडला

मंडळी, सापडलं! तीन आठवडे ज्याने माझी झोप उडवली होती तो खडखडाट गुडघ्यात नव्हता आणि उभं राहण्याच्या पद्धतीतही नव्हता. तो स्कीच्या तळात होता.

दोन हंगाम बी-नेट (ट्रॅकच्या कडेची सुरक्षा जाळी) ओढल्यावर यंदा कोलोरॅडोतल्या बीव्हर क्रीकला, वर्ल्ड कप स्की शर्यतींसाठी राबणाऱ्या टॅलन क्रू या स्वयंसेवक गटाच्या स्लिपर्समध्ये नाव लागलं, हे मागच्या नोंदीत लिहिलंच आहे. पहिल्या दिवशी आमची रांग फ्लायवे या वरच्या सपाट टप्प्यावरून ब्रिंक या तीव्र उताराच्या कडेला आली. तिथून पुढची जमीन दिसतच नाही, थेट खालची दरी दिसते. बर्फात पाणी मुरवून तो भाग आधीच काचेसारखा केला होता. आम्ही आडवे घसरत उतरलो, आणि वळून पाहतो तर माझ्या वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या! स्की पकडत होती, सुटत होती, पुन्हा पकडत होती. स्लिपरने भुसभुशीत बर्फ बाजूला सारून ट्रॅक गुळगुळीत ठेवायचा असतो, आणि मी तोच ट्रॅक खरवडत होतो. जिथून खेळाडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने जातात आणि जिथे निकाल शतांश सेकंदांवर लागतो, तिथे या वळ्या म्हणजे गुन्हाच. आमच्या प्रमुखांनी आवाज न चढवता मला पुन्हा नेटवर पाठवलं. फार लागलं ते मनाला.

मग सुरू झाले प्रयोग. पाय जास्त फाकवून पाहिले, जवळ आणून पाहिले. वजन टाचेवर, मग चवड्यावर. बुटाचं वरचं बकल एक खाच सैल केलं. एजेस (स्कीच्या धातूच्या कडा) रोज रात्री डायमंड स्टोनने चकचकीत केल्या, कारण धार कमी पडत असेल असंच डोक्यात बसलं होतं. जितकी धार वाढवली तितका खडखडाट वाढला! तिथेच थांबून विचार करायला हवा होता. एक गोष्ट मात्र रोज वहीत लिहीत होतो: उजवा पाय दरीकडे असला की खडखड, डावा दरीकडे असला की जवळजवळ शांत. उजव्या गुडघ्याची जुनी दुखापत असल्याने मी सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळा झालो होतो.

गेल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सहज सुचलं आणि डावी-उजवी स्की बदलून घातली. खडखडाट डाव्या पायाखाली गेला. मी तिथेच उतारावर थांबून मोठ्याने हसलो. गुडघा तर काही बदलला नव्हता!

त्या रात्री घरी स्की उलटी करून तळावर ट्रू बार (सपाटपणा तपासायची सरळ पट्टी) आडवा धरला आणि मागे दिवा लावला. दोन्ही एजेसवर बार टेकलेला आणि मध्ये उजेडाची बारीक फट, जवळजवळ टोकापासून शेपटीपर्यंत. तळ मध्ये खोलगट, एजेस वर आलेल्या. सावंतवाडीला माझे मामा रंधा मारून झाला की फळीवर गुण्या ठेवून उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटून. लहानपणी शंभर वेळा पाहिलेली गोष्ट, आणि इतके दिवस ती मला आठवली नाही. दुसरी स्की ठीक होती. हंगामाआधी ज्या दुकानात तळ घासून घेतले तिथे एका स्कीवर दगड नीट फिरला नव्हता. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण एक नक्की सांगतो: तळ घासून आणला की पैसे देण्याआधी तिथेच बार लावून पाहा.

आता दुसऱ्या ठिकाणी दोन्ही तळ सपाट करून घेतलेत. बेस बेव्हल, म्हणजे एजला तळाच्या बाजूने दिलेला तिरकेपणा, ०.७ अंश; बाजूचा ३ अंश. टोकाकडची आणि शेपटीकडची धार गमी स्टोनने (रबरी घासदगडाने) थोडी बोथट केली. रेसिंगवाले बरेच जण बेस ०.५ वर ठेवतात, त्यांना वळणात लगेच पकड हवी असते. आपल्याला तासन् तास आडवं घसरायचंय, स्कीने उगाच चावा घेता कामा नये. मी आधी पूर्ण १ अंश करणार होतो, पण ब्रिंकवर गरज पडेल तेव्हा जागीच थांबताही आलं पाहिजे, म्हणून मधला मार्ग.

नेटवर गेलेले दिवस वाया गेले असं मात्र म्हणणार नाही. यंदा आमच्या जोडीने लावलेली, गोल्डन ईगल या उडीच्या टप्प्याजवळची नेटची रांग पाहणीत एकही खांब न हलवता पास झाली! दोन नेट जोडताना उताराच्या वरच्या नेटचं टोक खेळाडूच्या बाजूला ठेवायचं आणि खालच्या नेटचं त्याच्यामागे घ्यायचं, कौलं चढवतात तसं, म्हणजे घसरत येणारा माणूस सांध्यात अडकत नाही. ड्रिलच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आत छातीशी ठेवा, बाहेर ठेवल्या तर निम्म्या भोकांतच मान टाकतात. याच गोल्डन ईगलवर २००७ च्या सरावात नॉर्वेचा स्कीपटू आक्सेल लुंड स्विंडाल भयंकर पडला होता, आणि पुढच्याच वर्षी परत येऊन त्याने इथे डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. तिथे खांब ठोकताना हात आपोआप जपून चालतो.

काल चाचणी झाली. ब्रिंकवरून तीनदा उतरलो, दोन्ही बाजूंनी. आवाज बदललाय, आता सुरी घासल्यासारखा एकसलग सर्र येतो. तिसऱ्यांदा खाली थांबून वर पाहिलं तर बर्फ जसाच्या तसा, एकही वळी नाही. प्रमुखांनी मान डोलावली आणि रांगेत चौथी जागा दिली. एवढा आनंद मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बेत असा होता की डाउनहिलच्या दिवशी हीच जोडी वापरायची. पण अंदाजात बर्फ दिसतोय. २०२३ मध्ये बर्फ आणि वाऱ्यापुढे इथल्या तिन्ही शर्यती रद्द झाल्या होत्या. अंधारात उठून उपसलेला ट्रॅक पुन्हा भरताना पाहणं काय असतं, ते तेव्हा तिथे फावडं धरलेल्यांना विचारा. ताजा बर्फ ढकलायचा तर रुंद आणि जुनी स्की बरी, ही जोडी पाणी मुरवलेल्या टप्प्यांसाठी राखून ठेवावी. म्हणजे दोन जोड्या न्यायच्या.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय: आमच्या रांगेत आणखी दोघांच्या मागे मला बारीक वळ्या दिसल्या होत्या. दोघंही स्वतःच्या पायांना दोष देत होते. तेव्हा दुसऱ्या जोडीच्या आधी ट्रू बार गाडीत टाकतोय, डोक्याला लावायचा दिवाही. डेन्व्हरहून पहाटे तीनला निघालो तर आयझेनहॉवर बोगदा वाहनांची गर्दी व्हायच्या आत ओलांडता येतो, आणि सगळे गोळा व्हायच्या आधी क्रूच्या खोलीत अर्धा तास मिळतो. सहा-सात जोड्या तपासून होतील. ज्यांची फट दिसेल त्यांना त्या दिवशी फ्लायवेच्या सपाट भागात पाठवावं, असं प्रमुखांना सुचवणार आहे.