आपण की आम्ही

आजेसासूबाई गेल्या तेव्हा ९६ वर्षांच्या होत्या. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला त्यांचं घर आवरायला आम्ही ओक्लाहोमातल्या टल्साहून गेलो होतो. बिस्किटांच्या जुन्या डब्यात, सुयादोऱ्यांच्या गुंतवळ्याखाली, तळहाताएवढी एक पुस्तिका निघाली. अक्षरं ओळखीची वाटत होती, पण वाचता येत नव्हती. नवऱ्याला ती रशियन वाटली. सासूबाईंनी लांबूनच बघितलं. "आईच्या चर्चमधली गाणी असतील. चेरोकी," म्हणाल्या आणि पुन्हा टॉवेलांच्या घड्या घालायला लागल्या.

'आमच्यात थोडं चेरोकी आहे', म्हणजे अमेरिकेतल्या त्या मूळ जमातीचं रक्त आहे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत होते आणि सोडून देत होते. आपल्याकडे जसा प्रत्येक घराण्याचा एक पूर्वज पानिपतावर लढलेला असतो, तशी अमेरिकेत निम्म्या घरांतली पणजी चेरोकी राजकन्या असते. मुळात चेरोकींमध्ये राजेच नव्हते, तर राजकन्या कुठून येणार? पण ही पुस्तिका खोटी नव्हती. पानांचे कोपरे बोटांनी मऊ झाले होते.

ते २०२२ साल. पुढची तीन वर्षं आमच्या घरात या एकाच विषयाचं भिरभिरं होतं.

नवऱ्याला आधी कागदांशी घेणंदेणं नव्हतं. त्याला 'मुळांशी जोडलं' जायचं होतं. इंटरनेटवर त्याचीही दुकानं आहेत: दोन दिवसांचं शिबिर, तंबू, धूर, ढोल, शेवटी तुमचं 'प्राणी-नाव', आणि फी चांगलीच भक्कम. मी कराडची. बुवा ओळखायला मला वेळ लागत नाही. टल्साहून तासाभरावर तालेक्वा आहे, चेरोकी नेशनची राजधानी. आधी तिथं जाऊन विचारू, असं मी त्याला म्हटलं. तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर डब्यातल्या पुस्तिकेचीच अक्षरं होती. नवरा गाडी बाजूला घेऊन नुसता पाटीकडे बघत बसला.

नागरिकत्वाचा नियम ऐकायला सोपा आहे. तुमचा थेट पूर्वज डॉज रोल नावाच्या यादीवर हवा. रक्ताचं प्रमाण किती, हे चेरोकी नेशन विचारत नाही. अमेरिकेच्या संघ सरकारने मान्य केलेल्या चेरोकी जमाती तीन. त्यांपैकी तालेक्वातल्याच युनायटेड किटूवा बँडला किमान एक चतुर्थांश रक्त लागतं, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या ईस्टर्न बँडला एक सोळांश, तेही १९२४ च्या वेगळ्या यादीवरून. डॉज रोल म्हणजे चेरोकींची सामायिक जमीन मोडून माणशी वाटून टाकण्यासाठी अमेरिकन सरकारने केलेली शिरगणती. तिचं मुख्य काम १८९८ ते १९०७ मधलं. म्हणजे ज्या यादीने देश मोडला, तीच यादी आज देशाचं दार आहे. परंपरा जपणारे चेरोकी पुढारी रेडबर्ड स्मिथ आणि त्यांच्या किटूवा मंडळींनी नावं लावायलाच नकार दिला होता. १९०२ मध्ये स्मिथना त्यापायी तुरुंगात टाकलं, आणि नकार देणाऱ्यांपैकी काहींची नावं शिरगणती करणाऱ्या कमिशनने परस्पर लिहून टाकली. चेरोकींनी गुलाम म्हणून ठेवलेल्या काळ्या लोकांची यादी वेगळी केली गेली. त्यांच्या वंशजांना बरोबरीचं नागरिकत्व मिळायला २०१७ चा कोर्टाचा निकाल लागला. हे वाचल्यावर माझ्या मनात चेरोकींचं जे देवघर तयार व्हायला लागलं होतं ते मोडलं. बरंच झालं.

रोलवर आमचं माणूस सापडायला एक संध्याकाळ पुरली. आजेसासूबाईंची आई, वय ५ वर्षं, कुटुंबाच्या कार्डावर आईवडिलांच्या खाली तिसरी ओळ. पुढे रकाना 'रक्त'. पाच वर्षांच्या मुलीसमोर अपूर्णांक.

सापडणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. ती, तिची मुलगी, तिची मुलगी, तिचा मुलगा, आणि मग माझी लेक, अशी कडीला कडी दाखल्यांनी जोडायची होती. ओक्लाहोमा राज्यच १९०७ मध्ये जन्माला आलं, त्यामुळे १८९७ च्या मुलीचा जन्मदाखला कुठून येणार? मृत्यूदाखला मिळाला, पण त्यावर बायबलमधलं भारदस्त नाव, आणि रोलवर घरातलं लाडाचं. आडनावात एक अक्षर कमी. आजेसासूबाईंचा जन्म नोंदला गेला तो त्या चांगल्या मोठ्या झाल्यावर, उशिरा. सासूबाईंचा कॅलिफोर्नियाचा दाखला आम्ही पाठवला तो संक्षिप्त नमुन्यातला, त्यावर आईवडिलांची नावंच नाहीत. अर्ज परत आला. पूर्ण नमुन्यासाठी ज्या कचेरीला लिहिलं, त्यांनी चार महिन्यांनी दुसऱ्याच बाईचा दाखला पाठवला.

नवरा वैतागला. मला मात्र हे सगळं ओळखीचं होतं. भावाच्या जात पडताळणीसाठी बाबांनी तहसील कचेरीत कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना चौदाच्या नकला काढताना घातलेले हेलपाटे मी पाहिले होते. पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं मोडी अक्षर वाचून घ्यायला बाबा पुण्याला गेले होते. आडनावातला एक काना माणसाला किती पळवतो, हे मराठी घरांना सांगायला नको. मी एक वही घातली, पानाला एक पिढी. नावाचा तिढा सुटला तो मिलर अर्जांमुळे. १९०६ नंतर जुन्या करारभंगाची भरपाई मागायला हजारो चेरोकींनी अर्ज केले होते. त्यांत भावंडं, आजे, काके सगळ्यांची नावं असतात. नागरिकत्वाला तो कागद चालत नाही, पण रोलवरच्या आमच्या त्या मुलीची दोन्ही नावं त्यात एकाच ओळीत होती. त्यामुळे पुढचा दाखला कुठल्या गावी शोधायचा ते कळलं. अर्जाला फी नाही. खर्च झाला तो दाखल्यांचा. चौदा महिन्यांनी नवऱ्याचं कार्ड आलं, त्यानंतर नऊ वर्षांच्या लेकीचं. जोडीदाराला नागरिकत्व मिळत नाही, ते मला आधीपासून माहीत होतं.

कार्ड आल्यावर नवऱ्याने ते दोन दिवस खिशात ठेवलं आणि मग म्हणाला, "आता काय?"

आता भाषा. चेरोकी नेशनचे ऑनलाइन वर्ग फुकट असतात. बसायचं नवऱ्याने ठरवलं होतं, मी आपली भाजी निवडत शेजारी. पहिल्याच तासाला माझी भाजी निवडायची राहिली. सेक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, १८२१ च्या सुमारास एकट्याने ही लिपी सिद्ध केली. १८२८ मध्ये तिच्यात वर्तमानपत्र निघालं. अक्षरं आज ८५. 'डी'सारखं दिसतं ते 'अ' वाचायचं, 'आर'सारखं 'ए', 'टी'सारखं 'इ'. म्हणून ती पुस्तिका ओळखीची वाटून वाचता येत नव्हती! एकेक अक्षर म्हणजे एकेक पूर्ण उच्चार: गा, गे, गी, गो, गू आणि शेवटी नाकातलं गं. ही तर बाराखडी. फरक एवढाच की इथं काना-मात्रा नाहीत, 'गा' आणि 'गी' यांचं एकमेकांशी दिसण्यात काही नातं नाही, प्रत्येकाचा चेहरा पाठ करायचा. लेकीने सहा आठवड्यांत केला. नवरा अजून 'गू'पाशी हसतो, कारण त्याला मी मराठी अर्थ सांगून ठेवलाय.

मग एका तासाला शिक्षक म्हणाले, आज अवघड भाग. इंग्रजीत 'आम्ही जातोय' याला एकच शब्द, आपल्यात चार. तू आणि मी जातोय: इनेगा. तो आणि मी जातोय, तू नाहीस: ओस्देगा. आपण सगळे जातोय: इदेगा. आम्ही सगळे जातोय, तू नाहीस: ओत्सेगा. वर्गात सगळ्यांची तोंडं कडू. मी मात्र बेसिनपाशी उभी राहून हसत होते. आपण आणि आम्ही! एवढंच तर आहे. (दोघांसाठी वेगळं रूप मराठीत नाही, संस्कृतात होतं.) मराठी माणूस दिवसातून पन्नास वेळा ठरवतो, समोरच्याला 'आपण'मध्ये घ्यायचं की 'आम्ही'च्या बाहेर ठेवायचं. त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं, की या सगळ्या प्रकरणात मी कशात बसते?

उत्तर लवकरच मिळालं, आणि लागलं. तालेक्वाजवळच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये सासूबाईंची एक दूरची मावसबहीण भेटली, वय ८४. बहुतेक चेरोकी घरं ख्रिस्ती आहेत हे ऐकून आमच्या ओळखीतल्या किती लोकांची निराशा झाली! त्यांना पिसं हवी होती. ही मावशी पुस्तिकेतली गाणी न बघता म्हणत होती. आजेसासूबाईंना निवासी शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल साबण चाटवला होता आणि म्हणून त्यांनी मुलांना एक शब्द शिकवला नाही, हे तिनेच सांगितलं. सासूबाईंना ते सत्तरीत कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या रविवारी मात्र स्वतः गाडी काढायला सांगितली.

मावशीने नवऱ्याला त्याचं कुळ सांगितलं: अनित्सिस्क्वा, पक्ष्यांचं. चेरोकींची कुळं सात आणि ती आईकडून येतात. नोंदीतल्या त्या मुलीकडून तिच्या मुलीला, तिच्याकडून सासूबाईंना, त्यांच्याकडून नवऱ्याला. लेक उड्या मारत म्हणाली, "मग मी पण पक्षी!" मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, नाही बाळा, तुझी आई आमची नाही ना. कागदाने बापाकडून जे दिलं, ते कुळाने माझ्यापाशी अडवलं. आपल्याकडे लग्नात माझं गोत्र एका मंत्रात बदलून टाकलं असतं आणि मला कुणी विचारलं नसतं. इथं माझं सगळं जिथल्या तिथं राहिलं आणि त्यामुळेच लेकीचं तुटलं. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मावशीने फोन करून कनुची करायला बोलावलं. हिकरीचे दाणे कुटून त्याचे लाडू वळायचे, ते गरम पाण्यात विरघळवून गाळायचे, वर भात. कुटण्यात माझा हात बसलेला, दाण्याचं कूट जन्मभर केलंय. मावशी बघत राहिली. म्हणाली, हे कुणी शिकवलं?

त्याच उन्हाळ्यात तिच्या पुतण्याने स्टॉम्प डान्सला नेलं. रात्रभर अग्नीभोवती उलट्या प्रदक्षिणा, म्हणजे अग्नी डाव्या हाताला. बायकांच्या पोटऱ्यांना कासवांच्या पाठींचे खुळखुळे, ताल सगळा त्यांच्या पायांत. याहून जास्त लिहिणार नाही, तिथं फोटोही काढू देत नाहीत. खरं सांगायचं तर मी बघितलं ते गाडीतूनच. पाळी आली होती आणि तेवढे दिवस त्या जागी बाईने जायचं नसतं. ते म्हणतात, हा विटाळ नव्हे, त्या दिवसांत बाईची शक्ती इतकी असते की विधीचं औषध बिघडतं. शब्द छान आहेत. कराडला मी ज्यावरून आजीशी भांडले, तेच सात समुद्रांपलीकडे पार्किंगमध्ये गाडीच्या काचेला नाक लावून परत भेटलं.

२०२५ च्या मे अखेरीस लेकीची शाळा सुटली आणि आम्ही सासूबाईंना घेऊन उलट्या दिशेने निघालो. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना त्यांच्या डोंगरांतून हाकललं, त्यात अंदाजे चार हजार मेले. ते पूर्वेकडून पश्चिमेला आले, आम्ही पश्चिमेकडून पूर्वेला. मिझुरीत मिसिसिपीचा काठ, जिथं बर्फामुळे माणसं खोळंबली. केंटकीत हॉपकिन्सविल, जिथं व्हाइटपाथ आणि फ्लाय स्मिथ या दोन म्हाताऱ्या पुढाऱ्यांच्या कबरी आहेत. टेनेसीत रेड क्ले, शेवटच्या सभांची जागा, निळ्या झऱ्याची. चार दिवस. एसी गाडीत, चिवड्याच्या डब्यासह. सासूबाई वाटेत फारसं बोलल्या नाहीत. रेड क्लेच्या झऱ्यापाशी त्यांनी पुस्तिका काढून एक गाणं म्हटलं, अक्षरं लेकीने लावून दिली.

पाचव्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनात ब्रायसन सिटीजवळ किटूवा. चेरोकींचं मूळ गाव, आईगाव. दीडशेहून जास्त वर्षं परक्यांच्या शेतात होतं. १९९६ मध्ये ईस्टर्न बँडने ३०९ एकर विकत घेतले, स्वतःचीच जमीन पैसे मोजून. मंदिर नाही, कमान नाही. नांगरून नांगरून सपाट झालेला गवताचा एक उंचवटा, शेजारून टकसीजी नदी. त्या उंचवट्याच्या पोटात कधीकाळी अखंड अग्नी होता.

नदीला चेरोकी लांब पुरुष म्हणतात, डोकं डोंगरात, पाय सपाटीवर. पहाटे वाहत्या पाण्यावर जायचं, पूर्वेला तोंड करून, सात वेळा. मंत्र आणि विधी जाणकाराचे, ते आम्ही करणार नव्हतो. मावशीच्या पुतण्याला विचारलं होतं. तो म्हणाला, उजाडताना नदीवर तोंड धुवायला कुणाची परवानगी लागते?

पाच वाजता नवऱ्याने मला हलवलं. लेक दाराशी तयार. "ओस्देगा," तो म्हणाला. आम्ही दोघं जातोय. व्याकरण अचूक होतं. मी अंथरुणात मिनिटभर पडून राहिले आणि मग टॉवेल घेऊन मागोमाग गेले. सासूबाई गाडीत आधीच बसल्या होत्या.

धुकं पाण्यावर टेकलेलं. प्रीतिसंगमावर कार्तिकात आजीबरोबर जायचे तसंच गार. सासूबाईंनी काठावर बसून पायाची बोटं बुडवली. नवरा गुडघाभर पाण्यात गेला, लेक त्याचा हात धरून. ती मोठ्याने मोजत होती, ओंजळ तोंडावर मारत, प्रत्येक वेळी किंचाळत: साग्वू, ताली, जोई, नंगी, हिस्गी. पाचव्याला दातखीळ बसली, पुढचा आकडा आठवेना. क्षणभर तशीच उभी राहिली.

"सहा!" ती ओरडली. "सात!"

आणि टॉवेलकडे धावत आली.