नारळ द्यायचा की मुदत? ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या निमित्ताने

संघ ओळीने चार-पाच सामने हरला की क्लब कोणताही असो, चर्चा एकाच प्रश्नावर येऊन ठेपते: मॅनेजरला नारळ द्यायचा की आणखी मुदत द्यायची? मुदत द्यावी असे म्हणणारे हमखास ॲलेक्स फर्ग्युसन यांचा दाखला देतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे हाती घेतलेल्या फर्ग्युसन यांना पहिले लीग विजेतेपद मिळायला १९९३ साल उजाडले, मधल्या काळात १९८९-९० च्या हंगामात संघ तेराव्या क्रमांकावर राहिला, आणि तरीही क्लब त्यांच्या पाठीशी उभा राहिला म्हणूनच पुढचा इतिहास घडला, असा तो युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. पण ज्यांना अशीच मुदत मिळाली आणि तरीही ज्यांच्या हातून काहीच उभे राहिले नाही, अशा मॅनेजरांची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे एकट्या फर्ग्युसन यांच्यावरून नियम काढणे मला पटत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब अधिक जवळचा वाटतो. १९९५ मध्ये प्रीमियर लीग (इंग्लंडमधली सर्वोच्च श्रेणी) जिंकलेला हा लँकशायरमधला क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाने विकत घेतला. तेव्हापासून एकाच मालकांनी पदावर असलेल्या मॅनेजरला घाईने घालवण्यापासून नको तितका काळ टिकवून धरण्यापर्यंत, आणि अखेरीस योग्य माणसावर योग्य वेळी विश्वास टाकण्यापर्यंत, सगळे काही करून पाहिले आहे. एकाच घरात इतके वेगवेगळे निर्णय आणि त्यांचे परिणाम एकामागोमाग एक पाहायला मिळावेत, असे फुटबॉलमध्ये फारसे घडत नाही.

पहिला निर्णय मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांच्याबाबतचा. डिसेंबर २००८ मध्ये ते आले तेव्हा संघ तळाशी होता. त्यांनी तो खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचवला आणि पुढच्या हंगामात दहाव्या क्रमांकावर नेला. त्यांचा खेळ देखणा नव्हता, हे त्यांचे चाहतेही मान्य करतील. परंतु क्लब विकला गेल्यावर महिन्याभरातच, बोल्टनविरुद्धच्या पराभवानंतर, संघ तेराव्या क्रमांकावर असताना त्यांची गच्छंती झाली. याला संकटातला निर्णय म्हणता येत नाही, कारण संकट आलेलेच नव्हते. नव्या मालकांना क्लब अधिक वरच्या स्थानी हवा होता आणि ती इच्छा गैर नव्हती. मात्र आहे ते का चालले आहे, हे समजून घेण्याआधीच ते मोडले गेले.

त्यांच्या जागी प्रशिक्षकवर्गातले स्टीव्ह कीन आले. त्यांची कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ‘विश्वास ठेवा’ एवढे म्हणून प्रश्न का सुटत नाही, हे तिच्यातून स्पष्ट दिसते. पहिल्या हंगामात संघ अगदी शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला ३-२ असे हरवून वाचला. त्या उन्हाळ्यात फिल जोन्स हा तरुण बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. २०११-१२ च्या हंगामात संघाने ३८ सामन्यांत ७८ गोल खाल्ले, ८ सामने जिंकले आणि ३१ गुणांवर एकोणिसाव्या क्रमांकावर राहून प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. हंगामाच्या मध्यावर क्रिस्टोफर सांबा आणि रायन नेल्सन हे दोघे अनुभवी बचावपटूही क्लब सोडून गेले होते. अशा संघाला गोल खाण्यापासून रोखणे कोणालाही कठीण गेले असते, आणि आघाडीपटू याकुबूने लीगमध्ये केलेले १७ गोल पाहता कीन यांच्याकडे काहीच नव्हते असेही नाही. प्रेक्षकांनी त्यांना ज्या भाषेत लक्ष्य केले, ती माझ्या मते कोणत्याही माणसाच्या वाट्याला येऊ नये. त्या सगळ्या गदारोळात ३१ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, तळाला असलेल्या या संघाने ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर युनायटेडला ३-२ असे हरवले होते, हेही विसरता कामा नये.

तरीसुद्धा कीन यांना ठेवणे चूक होते, असे माझे ठाम मत आहे. मत बनवताना मी पराभवांच्या संख्येपेक्षा एका पत्राला अधिक महत्त्व देतो. डिसेंबर २०११ मध्ये क्लबचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना लिहून कळवले होते की, मॅनेजरने प्रेक्षकांचा आणि खेळाडूंचाही विश्वास गमावला असून आता बदल करणे आवश्यक आहे. रोजचा सराव आणि ड्रेसिंग रूममधले वातावरण जवळून पाहणाऱ्या माणसाने, निम्मा हंगाम शिल्लक असताना, हे लिहिले होते. कीन राहिले, संघ खाली गेला, मे २०१२ मध्ये ते पत्र बाहेर फुटले आणि नोकरी गेली ती हंट यांची. त्याआधी, २०११ च्या सुरुवातीलाच, अनुभवी अध्यक्ष जॉन विल्यम्स क्लब सोडून गेले होते. म्हणजे ज्यांना पाहून सांगता आले असते त्यांच्यापैकी एक निघून गेला होता आणि दुसऱ्याचे म्हणणे ऐकले गेले नाही. पुण्यातून ब्लॅकबर्नचा क्लब चालवता येणार नाही असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु मालक दूर असतील तर तिथे त्यांचे डोळे आणि कान असलेच पाहिजेत, नाहीतर ठाम पाठिंबा आणि दुर्लक्ष यांत फरक उरत नाही.

त्यानंतर लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस कीन बाहेर पडले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत वरच्या काही स्थानांवर होता. पुढे त्याच हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. बर्ग हे १९९५ च्या विजेत्या संघातले खेळाडू, त्यामुळे त्यांची नेमणूक भावनेला धरून होती. पण ५७ दिवसांत कोणता मॅनेजर काय सिद्ध करणार? नवीन माणूस आल्यावर संघ सावरतो, असे बदलाच्या बाजूने बोलणारे सांगतात आणि बऱ्याचदा तसे घडतेही. मात्र बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्या तपासल्या तेव्हा असे दिसले की, तितक्याच वाईट फॉर्ममध्ये असूनही ज्या क्लबांनी मॅनेजर बदलला नाही तेही साधारण तसेच सावरले. वाईट काळ बहुधा आपोआप सरतो आणि त्याचे श्रेय नव्याने आलेल्या माणसाला मिळते. हा निष्कर्ष क्लबचालकांनी गंभीरपणे घ्यावा असे मला वाटते, कारण प्रत्येक बदलाबरोबर भरपाईची रक्कम, नवे सहायक आणि नव्या पद्धतीचे खेळाडू असा खर्चाचा डोंगरही उभा राहतो.

आता टोनी मोब्रे यांच्याकडे वळतो. ओवेन कॉइल यांच्या जागी फेब्रुवारी २०१७ मध्ये ते आले तेव्हा १५ सामने उरले होते आणि संघ दुसऱ्या श्रेणीतूनही घसरण्याच्या बेतात होता. त्या १५ पैकी फक्त ३ सामने त्यांनी गमावले, शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला त्यांच्या मैदानावर ३-१ असे हरवले, आणि तरीही ५१ गुण असूनसुद्धा केवळ गोलफरकामुळे (केलेले आणि खाल्लेले गोल यांतल्या फरकामुळे) संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीगचा एकेकाळचा विजेता तिसऱ्या श्रेणीत जाणे ही नामुष्की होती आणि कोणाचा तरी बळी देण्याचा मोह तेव्हा सहज झाला असता. मालकांनी तसे केले नाही. पुढच्या हंगामाचे पहिले दोन्ही सामने साउथएंड आणि डॉनकॅस्टरविरुद्ध हरल्यावरही केले नाही. त्याच वर्षी ब्रॅडली डॅक या खेळाडूला संघात घेतले गेले, तो त्या श्रेणीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ९६ गुणांसह ब्लॅकबर्न एका वर्षात वर परतला.

कीन यांना राखण्याचा निर्णय आणि मोब्रे यांना राखण्याचा निर्णय, दोन्ही वेळी मालकांपुढे गुणतक्ता वाईटच होता. फरक होता तो तक्त्यामागच्या खेळात. मोब्रे आल्यापासून संघ हरेनासा झाला होता, खेळाडू त्यांच्यासाठी झटत होते आणि घसरणीचे मूळ ते येण्याआधीच्या महिन्यांत होते, हे स्वच्छ दिसत होते. म्हणून मी स्वतः कोणत्याही मॅनेजरविषयी मत बनवताना आधी हे पाहतो की, संघ पिछाडीवर पडल्यानंतर कसा खेळतो, तरुण खेळाडू सहा महिन्यांपूर्वी होता त्यापेक्षा सुधारला आहे का, आणि तीच ती चूक, उदाहरणार्थ कॉर्नरवर गोल खाणे, महिनोन्महिने तशीच चालू आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर मला धीर धरण्याचे कारण दिसत नाही, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

याची कसोटी ३ नोव्हेंबर २०२१ रोजी लागली. स्वतःच्या इवुड पार्कवर ब्लॅकबर्न फुलहॅमकडून ०-७ असा हरला. घरच्या मैदानावर सात गोल खाल्ल्यानंतर मॅनेजर बदलला असता तर कोणी आश्चर्य केले नसते. पण मोब्रे यांचा संघ त्या हंगामात तोवर बरा खेळत होता, बेन ब्रेरेटन दियाझ गोलांमागून गोल करत होता, आणि एका रात्रीच्या धुळधाणीवरून पाच वर्षांचे काम मोडीत काढण्यात अर्थ नव्हता. क्लब शांत राहिला आणि जानेवारीत हाच संघ दुसऱ्या क्रमांकावर होता. पुढे ब्रेरेटन दियाझ जखमी झाला, वेग मंदावला आणि हंगाम आठव्या क्रमांकावर संपला.

तेवढ्यात मोब्रे यांचा करार संपत आला होता आणि इथे मात्र मालकांचे वागणे मला मनापासून खटकले. त्यांना ठेवायचे असते तर वसंतातच करार वाढवता आला असता. नको असतील तर तसे मोकळेपणाने सांगून नव्या माणसाला वेळेत आणता आले असते. हंगामाच्या निर्णायक टप्प्यात ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक होते की मॅनेजर पुढच्या वर्षी बहुधा नसेल, आणि वरच्या श्रेणीची संधी समोर असताना संघाला अशा अनिश्चिततेत ठेवणे मला अक्षम्य वाटते. २०२२ च्या उन्हाळ्यात करार तसाच संपू दिला गेला आणि मोब्रे पाच वर्षांनंतर इवुड पार्क सोडून गेले.