इंटरनेट स्लो आहे? आधी सिद्ध करा

जर्मनीत 'माझं इंटरनेट स्लो चालतं' असं नुसतं म्हणून भागत नाही, तीस वेळा मोजून दाखवावं लागतं. मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. तीस मोजण्या, तीन वेगवेगळ्या दिवशी, रोज दहा. दोन मोजणी-दिवसांच्या मध्ये निदान एक दिवस रिकामा सोडायचा. पाचव्या आणि सहाव्या मोजणीत किमान तीन तासांचं अंतर, बाकीच्या मोजण्यांमध्ये पाच-पाच मिनिटांचं. सगळं चौदा दिवसांत आटपायचं, आणि तेही वायफायवर नाही, लॅपटॉपला लॅनची वायर खुपसून. फोनवर आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "त्यापेक्षा सोळा सोमवार परवडले गं."

हे सगळं मोजायला सरकारचंच अ‍ॅप आहे. बुंडेसनेट्सआगेंटूर, म्हणजे आपल्या ट्रायसारखी इथली दूरसंचार नियामक संस्था, तिने ते काढलंय. डिसेंबर 2021 पासून दूरसंचार कायदा बदलला आणि ग्राहकाला एक हक्क मिळाला: करारात लिहिलेल्या वेगापेक्षा लक्षणीय कमी वेग सतत किंवा पुन्हा पुन्हा मिळत असेल, तर त्या प्रमाणात बिल कमी करून घ्या, नाहीतर मुदतीची वाट न बघता करार तोडा. फक्त पुरावा आमच्या पद्धतीने आणा.

आमच्याकडे हे सुरू झालं ते मॉडेम बदलल्यावर. 250 एमबीपीएसचा प्लॅन 500 चा केला, कंपनीने जुना डॉक्सिस 3.0 चा मॉडेम (डॉक्सिस म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट आणायचं तंत्र) परत मागवला आणि 3.1 चा नवा राउटरसकट पाठवला. चकचकीत पांढरा खोका. जोडला, दिवे स्थिर झाले, आणि त्याच रविवारी सांगलीशी व्हिडिओ कॉल लावला तर माझा चेहरा तोंड उघडं असताना अडकला. बाबा शांतपणे म्हणाले, "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे."

हे वाक्य मला किती लागलं ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल. सांगलीत बाबांकडे 100 चा फायबर आहे, सात-आठशे रुपयांत. मी इथे 45 युरोच्या आसपास भरते, आणि दर रविवारी पुतळा होते मी. मग मीही सुनावलं की 2004 मध्ये आपल्याकडे 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, आणि सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएस यायला 2023 उजाडलं. इथे 2022 मध्येच 10 एमबीपीएस हा कायद्याने मागता येईल असा किमान वेग ठरला. बाबा म्हणाले, "बरं. पण तू दिसत नाहीयेस."

हेल्पलाइनवर नेहमीचा संवाद झाला. बंद करून चालू करा. केलं. फॅक्टरी रीसेट करा. केला. बाई मात्र जाणकार होत्या. त्यांनी सांगितलं की केबलचा मॉडेम चालू होताना कंपनीच्या सर्व्हरवरून एक फाइल उतरवून घेतो आणि तुमच्या प्लॅनची वेगमर्यादा त्या फाइलमध्ये असते. मॉडेम बदलल्यावर कधीकधी जुन्याच प्लॅनची फाइल येत राहते. माझी तपासली, 500 चीच निघाली. सिग्नलची पातळीही त्यांच्या पडद्यावर ठीक दिसत होती. पुढे काय, तर तंत्रज्ञ पाठवतो, पुढच्या गुरुवारी, आठ ते बारा.

गुरुवारी कोणी आलं नाही.

इथे मला खरा धक्का बसला, तो सुखाचा. ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ फिरकलाच नाही तर इथल्या कायद्याने ग्राहकाला 10 युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या 20 टक्के, यातली मोठी असेल ती रक्कम मिळते. ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. दोन ओळींची ईमेल टाकली, आणि पुढच्या बिलात 10 युरो वजा! मी त्या ओळीचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर: "आमचा माणूस येतो, त्यामुळे असा कायदा लागत नाही."

त्याचं चुकत नाही म्हणा. सांगलीत लाइन तुटली की केबलवाल्याला फोन जातो, तासाभरात एक पोरगा खांद्याला पिशवी लावून हजर होतो, गच्चीवर बसून फायबर जोडतो, चहा पितो आणि जातो. पण तो येतो बाबांसाठी. बाबा त्याच्या वडिलांना ओळखतात, गणपतीची वर्गणी हातोहात देतात. मागच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना तोच पोरगा चार-चार दिवस 'येतो मॅडम' म्हणून लटकवतो, हे मी सुट्टीत गेले होते तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इथे मला कोणी ओळखत नाही, माझं जर्मन अजून अडखळतं, तरी 10 युरो मिळाले. हे मी दादाला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, दहा युरोत नेट फास्ट झालं का?

नव्हतंच झालं. म्हणून मोजणीला बसले, आणि त्या जाचक वाटणाऱ्या नियमाने एकेक गोष्ट उलगडत नेली.

पहिला उलगडा वायफायचा. अ‍ॅप वायफायवरची मोजणी पुराव्यात धरतच नाही, त्यामुळे वायफायवर काय होतंय आणि वायरवर काय होतंय हे वेगळं बघणं भाग पडतं. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात; 500 च्या लाइनवर तो अडकत असेल तर केबलच्या आधी वायफायवर संशय घ्यावा. जुन्या राउटरमध्ये 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झची दोन वेगळी नावं होती, आम्ही 5 वालं वापरायचो. नव्याने दोन्हीला एकच नाव दिलं होतं, आणि माझा फोन खुशाल 2.4 ला चिकटून बसत होता. आमच्या इमारतीत त्या पट्ट्यात शेजारपाजारच्यांच्या नेटवर्कांची इतकी दाटी आहे की यादी खाली सरकवावी लागते. 2.4 चा पल्ला लांबचा असतो, पण एकमेकांवर न चढणारे चॅनल त्यात जेमतेम तीन. नावं परत वेगळी केली आणि पुढच्या रविवारी मी हलायला लागले.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. वायर लावून मोजलं तर 94. परत मोजलं, 94. सकाळी 94, रात्री उशिरा 94. सहकारी आकडा ऐकूनच हसला. लाइनवर गर्दी असेल तर आकडा वरखाली होतो. एकाच जागी खिळलेला 94 म्हणजे वाटेत कुठेतरी 100 चं दार आहे. डेटा ज्या पुडक्यांत (पॅकेटांत) जातो त्यांच्या वेष्टणाचा हिशोब शंभरातून वजा केला की तेवढेच उरतात. नेहमीचा आरोपी लॅनची वायर: गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, वायरीतल्या चारही जोड्या लागतात, एखादी जोडी तुटली किंवा नीट दाबलेली नसली की दोन्ही टोकं मुकाट्याने 100 वर उतरतात, कसलीही सूचना न देता. वायर बदलली. तरी 94.

गोम राउटरच्या सेटिंगमध्ये होती. वीज वाचावी म्हणून लॅनची काही पोर्टं मुळातच 100 वर बांधून दिलेली! गिगाबिटला थोडी वीज जास्त लागते, म्हणून ज्याला हवं त्याने आत जाऊन मुद्दाम चालू करावं. आता सांगा, या देशावर चिडायचं की याला नमस्कार करायचा? 500 चा प्लॅन विकायचा, 500 चा मॉडेम द्यायचा आणि काही वॉट वाचावेत म्हणून दार 100 चं ठेवायचं. माझ्या नवऱ्याला हे फार पटलं. तो असाही हीटिंगचं बटण अडीचवर ठेवून घरात दोन स्वेटर घालून बसणारा माणूस आहे, पुरता जर्मन झालाय.

पोर्ट सुटल्यावर मोजणी 480 वर गेली. मला वाटलं संपलं. संध्याकाळी आठला मोजलं तर 130.

ही तिसरी गोष्ट, आणि खरं दुखणं हेच. आमचं इंटरनेट येतं ते टीव्हीसाठी घातलेल्या कोअ‍ॅक्सियल केबलमधून. इथे 1981 मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने देशभर फायबर टाकण्याचा विचार केला होता. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि हेल्मुट कोल यांच्या काळात केबल टीव्हीला जोर देऊन तांबं जमिनीत गेलं. इथल्या प्रत्येक जर्मनाला ही गोष्ट पाठ आहे आणि इंटरनेट अडकलं की तो ती हमखास सांगतो. त्या केबलवर परिसरातली कितीतरी घरं एकच क्षमता वाटून घेतात. दुपारी सगळे कामावर, तेव्हा मी राणी. संध्याकाळी सगळे मालिका लावून बसले की प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा. नवा मॉडेम आला म्हणून ही वाटणी काही संपत नाही. हेल्पलाइन हे एकदाही बोलली नाही.

मग केलं मी ते तीस मोजण्यांचं अनुष्ठान. रिकामे दिवस सोडून, तीन तास थांबून, घरातल्या सगळ्यांना 'आता डाउनलोड करू नका' असं ओरडून. करारासोबतच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात: कमाल वेग, सर्वसाधारणपणे मिळणारा वेग, किमान वेग. तीनपैकी निदान दोन दिवशी कमाल वेगाच्या 90 टक्के एकदाही गाठले नाहीत, किंवा सर्वसाधारण वेग 90 टक्के मोजण्यांत मिळाला नाही, किंवा निदान दोन दिवशी वेग किमान आकड्याच्या खाली गेला, तर दावा लागू होतो. माझा दुसऱ्या निकषावर लागला. संध्याकाळच्या मोजण्यांनी काम केलं. शेवटी अ‍ॅपने पीडीएफ दिलं, त्यावर साधं वाक्य: करारातला वेग मिळत नाही.

ट्रायचंही मायस्पीड नावाचं अ‍ॅप आहे, बाबांच्या फोनवर मीच टाकून दिलं होतं. पण त्यातला आकडा दाखवून तुमचं बिल कोणी कमी केल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे बिलच इतकं कमी आहे की भांडायला कोण जातंय, हेही खरं.

पीडीएफ पाठवल्यावर कंपनीचा सूर बदलला. 'राउटर बंद करून चालू करा' गेलं आणि 'आपल्या भागातील नोडची विभागणी नियोजित आहे' (एकच क्षमता वाटून घेणारी घरं विभागणार) असं आलं. म्हणजे यांना आधीपासून माहीत होतं! तारीख विचारली तर ती नाही. विभागणी होईपर्यंत दर महिन्याला बिलात काही युरो सूट मिळते आहे. जर्मनीत असाल आणि हे करायचं असेल तर एवढंच बघा: मोजताना लॅपटॉप चार्जिंगला लावा, व्हीपीएन बंद ठेवा, आणि सूट लेखी मागा. फोनवर दिलेलं आश्वासन बिलापर्यंत पोहोचत नाही.

आता पत्रपेटीत फायबरवाल्यांचं पत्र आलंय. आमची तयारी आहे, तळमजल्यावरच्या आजींना नकोय, वरच्यांना टीव्ही बंद पडेल अशी भीती आहे, आणि सगळ्यात आधी घरमालकाची सही लागते. तो स्पेनला असतो, ईमेल वाचत नाही. मी त्याला कागदावर पत्र लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलंय.